तळटीप : भावांचा डाव, देवाची योजना

* ‘योसेफाच्या भावांसारखे’ : संदर्भ बायबलमधील उत्पत्तीच्या पुस्तकाचा (अध्याय ३७ ते ५०). १७ वर्षांच्या योसेफाला सावत्र भावांनी दोथान येथे कोरड्या विहिरीत टाकले, चांदीच्या २० तुकड्यांना मिसरकडे निघालेल्या व्यापाऱ्यांना विकले आणि त्याचा झगा बकऱ्याच्या रक्तात बुडवून बापापुढे धरला. पुढे दुष्काळात त्याच योसेफाने साठवलेल्या धान्यावर ते जगले. अध्याय ५०, ओवी २० मध्ये भावांच्या दुष्ट हेतूसाठी आणि देवाच्या कल्याणकारी हेतूसाठी मूळ हिब्रूत एकच क्रियापद आले आहे : ‘हाशव’, म्हणजे योजणे. ख्रिस्ती श्रद्धेचा गाभा इथे सापडतो. देव पाप करवत नाही, पापाला पुण्यही म्हणत नाही. पण माणसाच्या वाकड्या पावलांतूनही तो तारणाची वाट काढतो. अपराधाची जबाबदारी मात्र करणाऱ्याकडेच राहते. म्हणूनच अध्याय ४४ मोलाचा. योसेफाला विकण्याची कल्पना ज्याने काढली, तोच यहूदा तिथे धाकट्या बन्यामिनाऐवजी स्वतः गुलाम व्हायला पुढे येतो. योसेफाच्या वैभवाइतकेच हे एक पाऊलही देवाच्या योजनेची खूण आहे. वाचकाने तिथे जरूर थांबावे. – संपादक