ऑइल पंप (मोटारीचे इंजिन)

ऑइल पंप किंवा तेलपंप हा अंतर्ज्वलन इंजिनातील वंगण यंत्रणेचा मुख्य भाग होय. इंजिनाच्या तळाशी असलेल्या चेंबरमधील (तेलकुंडातील) तेल शोषून ते दाबाखाली क्रँकशाफ्ट, कॅमशाफ्ट आणि त्यांच्या बेअरिंगांपर्यंत पोहोचविणे हे त्याचे कार्य असते. पंप बंद पडल्यास फिरत्या भागांमधील तेलाचा थर नाहीसा होतो, धातूवर धातू घासला जातो आणि इंजिन अल्पावधीत सीझ होऊ शकते.

रचना व प्रकार

मोटारींत प्रामुख्याने दोन प्रकारचे पंप आढळतात. गिअर पंपात एकमेकांत अडकणारी दोन दातेरी चाके असतात. रोटर पंपात आतील रोटर बाहेरील रोटरमध्ये विकेंद्री फिरतो. जुन्या पुशरॉड इंजिनांत पंपाला कॅमशाफ्टवरील गिअरपासून गती मिळते. मारुती ८०० च्या ७९६ घन सेंमी इंजिनात रोटर पंप क्रँकशाफ्टच्या पुढील टोकावर, टायमिंग बेल्टच्या मागे बसविलेला असतो. काही इंजिनांत पंप चेंबरमध्ये असून तो साखळीने फिरतो. दाब मर्यादेबाहेर गेल्यास रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो व जादा तेल परत वळविले जाते.

बिघाडाची लक्षणे

इंजिन चालू असताना तेलाचा लाल दिवा लागणे, टॅपेटचा आवाज वाढणे आणि तळातून ठोके ऐकू येणे ही प्रमुख लक्षणे होत. दाबाचा स्विच सहसा दाब अत्यंत कमी झाल्यावरच दिवा लावतो. त्यामुळे दिवा लागताच इंजिन बंद करणे आवश्यक ठरते. मात्र प्रत्येक वेळी दोष पंपाचाच असतो असे नाही. तेलाची पातळी घटणे, तेल पातळ होणे, गाळणीची जाळी गाळाने भरणे, स्विच बिघडणे किंवा बेअरिंग झिजणे यांमुळेही हीच लक्षणे दिसतात. म्हणून स्विचच्या जागी यांत्रिक दाबमापक जोडून, इंजिन गरम असताना दाब मोजला जातो व तो निर्मात्याच्या पुस्तिकेतील आकड्याशी ताडला जातो. बेअरिंग झिजलेल्या इंजिनात नवा पंप बसवूनही दाब पुरेसा वाढत नाही.

बदलण्याची पद्धत

पंपाच्या जागेनुसार कामाची व्याप्ती बदलते. क्रँकशाफ्टवरील पंपासाठी बॅटरीची तार सोडविणे, तेल काढणे, बेल्ट व क्रँक पुली उतरविणे, टायमिंगच्या खुणा जुळवून टायमिंग बेल्ट काढणे आणि चेंबर उतरविणे असा क्रम असतो. टायमिंग चुकल्यास अनेक इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून वाकतात.

चेंबरमध्ये धातूचा कीस आढळल्यास केवळ पंप बदलणे पुरेसे नसते. बेअरिंगही तपासावी लागतात. जोडणीपूर्वी शोषनळीची जाळी धुतली जाते आणि तिची ओ-रिंग बदलली जाते, कारण तेथून हवा शिरल्यास पंप तेल ओढू शकत नाही. चेंबरच्या कडेला सीलंट जास्त लावल्यास त्याचे तुकडे सुटून जाळी बंद करतात. बोल्ट टॉर्क रेंचने ठरावीक बळाने आवळले जातात.

नवा पंप कोरडा बसवू नये, हा या कामातील सर्वांत महत्त्वाचा नियम मानला जातो. बसविण्यापूर्वी पंपात स्वच्छ इंजिन ऑइल भरले जाते. नवा फिल्टर व तेल घातल्यानंतर इंधनपुरवठा तोडून, इंजिन सुरू न करता स्टार्टरने थोडा थोडा वेळ फिरविले जाते. मापकावर दाब दिसल्यावरच इंजिन सुरू करतात.

घरगुती दुरुस्तीतील सुरक्षितता

चेंबर काढण्यासाठी मोटारीखाली जावे लागते. केवळ जॅकवर उचललेली मोटार घसरून प्राणघातक अपघात होऊ शकतो. त्यामुळे सपाट व टणक जमिनीवर मोटार स्टँडवर टेकवून मागील चाकांना अडण लावली जाते. मातीच्या अंगणात स्टँड रुतण्याचा धोका असतो. टॉर्क रेंच, दाबमापक व संबंधित मॉडेलची दुरुस्ती पुस्तिका उपलब्ध नसल्यास हे काम कार्यशाळेत करून घेणे इष्ट ठरते.

वापरलेले तेल आणि स्थानिक संदर्भ

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात वाहन उद्योग मोठा आहे. वाळूज येथे बजाज ऑटोचा कारखाना १९८५ मध्ये सुरू झाला, तर शेंद्रा येथे २००१ पासून स्कोडा मोटारींची जुळणी होऊ लागली. पैठण तालुक्यातील चितेगाव हे संभाजीनगर–पैठण रस्त्यावरील गाव औद्योगिक परिसरात मोडते. याच रस्त्याच्या टोकाला पैठणजवळ गोदावरीवरील जायकवाडी धरण असून त्याच्या नाथसागर जलाशयातून संभाजीनगर शहराला पिण्याचे पाणी मिळते.

घातक कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ नुसार वापरलेले तेल घातक कचऱ्यात गणले जाते. ते नाल्यात किंवा जमिनीवर ओतल्यास माती व विहिरींचे पाणी दूषित होते. त्यामुळे काढलेले तेल झाकणाच्या डब्यात साठवून, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची मान्यता असलेल्या पुनर्प्रक्रिया केंद्राकडे तेल पाठविणाऱ्या कार्यशाळेत देणे योग्य ठरते. त्यात पाणी, पेट्रोल किंवा कूलंट मिसळल्यास पुनर्प्रक्रिया अवघड होते.