अंतराळयान प्रतिकृती, स्वनिर्मित

विज्ञानकथेतील कल्पित अंतराळयानाची तयार संचाऐवजी कच्च्या मालापासून घडवलेली त्रिमितीय लघुप्रतिकृती.

उगम : अशा प्रतिकृती घडवण्याचे तंत्र मुख्यतः चित्रपट व दूरचित्रवाणीसाठी विकसित झाले (पहा : विशेष दृश्यपरिणाम). अमेरिकेत ‘स्टार ट्रेक’ मालिकेसाठी १९६४ मध्ये एंटरप्राइझ यानाची मुख्यतः लाकडी, सुमारे ३.४ मी. लांबीची प्रतिकृती तयार झाली. ब्रिटनमध्ये डेरेक मेडिंग्ज यांनी ‘थंडरबर्ड्स’ (१९६५) मालिकेतील यानांवर बाजारातील प्लॅस्टिक संचांचे सुटे भाग वापरले. ‘स्टार वॉर्स’ (१९७७) चित्रपटात रणगाडे व विमाने यांच्या संचांतील भाग मोठ्या प्रमाणावर बसवले गेले.

वैशिष्ट्ये : प्रथम प्रमाण ठरवून आराखडा काढतात. सांगाडा ॲक्रिलिक, प्लायवुड किंवा ॲल्युमिनियम नळ्यांचा असतो. त्यावर पॉलिस्टायरीनचे पत्रे कापून द्रावक सिमेंटने जोडतात. एकसारखे अनेक भाग सिलिकोन साच्यात रेझिन ओतून मिळवतात (पहा : ओतकाम; प्लॅस्टिके). पृष्ठभागावरील बारीक जोडकामामुळे यान प्रचंड भासते. प्राथमिक थरानंतर फवारणीने रंग देऊन काजळी व झीज दाखवतात. खिडक्यांच्या प्रकाशासाठी प्रकाशीय तंतू व एलईडी वापरतात (पहा : तंतुप्रकाशकी).

महत्त्व : संगणक-नियंत्रित कॅमेऱ्यामुळे प्रतिकृतीभोवतीची तीच हालचाल अचूकपणे पुन्हा करून अनेक चित्रणे एकत्र जोडणे शक्य झाले. १९९० च्या दशकापासून संगणकीय चित्रणामुळे चित्रपटातील वापर घटला (पहा : संगणकीय आलेखिकी). हौशी कारागिरांत मात्र हे तंत्र रूढ आहे. एंटरप्राइझची मूळ प्रतिकृती वॉशिंग्टन येथील स्मिथसोनियन संस्थेच्या राष्ट्रीय हवाई व अंतराळ संग्रहालयात आहे.