गोरे, मृणाल केशव
(२४ जून १९२८–१७ जुलै २०१२). मुंबईतील समाजवादी नेत्या, नगरसेविका व संसदपटू. पूर्वाश्रमीचे आडनाव मोहिले. राष्ट्र सेवा दलाच्या कार्यासाठी त्यांनी वैद्यकीय शिक्षण अर्धवट सोडले. समाजवादी कार्यकर्ते केशव गोरे हे त्यांचे पती. १९५८ मध्ये केशव गोरे यांचे निधन झाले.

१९६१ मध्ये त्या मुंबई महानगरपालिकेवर निवडून आल्या. गोरेगावातील पाणीटंचाईविरुद्ध त्यांनी हंडे घेतलेल्या स्त्रियांचे मोर्चे काढले. त्यामुळे ‘पाणीवाली बाई’ हे नाव रूढ झाले. प्रश्न वस्तीत जाऊन समजून घेणे, त्याचा सभागृहात पाठपुरावा करणे आणि गरज पडल्यास रस्त्यावर उतरणे, ही त्यांची कार्यपद्धती होती. नागरिकांनी, विशेषतः स्त्रियांनी, आपल्या हक्कांसाठी संघटित व्हावे, यावर त्यांचा भर असे. १९७२ च्या सुमारास अहिल्या रांगणेकर आदींसह त्यांनी महागाईविरोधी आंदोलन उभारले. १९७२ मध्ये त्या विधानसभेवर, तर १९७७ मध्ये लोकसभेवर निवडून गेल्या. गोरेगाव येथे नागरी निवारा परिषदेमार्फत अल्प उत्पन्न गटांसाठी झालेली घरबांधणी हे त्यांचे महत्त्वाचे कार्य होय. लोकप्रतिनिधित्व आणि जनआंदोलन यांची त्यांनी घातलेली सांगड मुंबईच्या नागरी राजकारणात आदर्श ठरली. गोरेगावातील एका उड्डाणपुलाला त्यांचे नाव दिले आहे.