भूगर्भांतील तेलाचा कायदा आणि जालन्याची भट्टी

‘जालना सोने का पालना’ ही म्हण मराठवाड्यांत अजून ऐकूं येते. म्हण जेव्हां रूढ झाली तेव्हां तिच्यांतील सोनें व्यापारउदिमाचें होतें. आज त्या पाळण्यांत लोखंड आहे. जालन्याच्या एमआयडीसींत, म्हणजे औद्योगिक वसाहतींत, जो कोणी एकदां फिरून आला असेल त्याला हें निराळें सांगावयास नको. भंगार विजेच्या भट्टींत वितळवावयाचें, त्याचे बिलेट ओतावयाचे, आणि ते लालबुंद असतां रोलिंग मिलमधून लाटून बांधकामाच्या सळया काढावयाच्या, हा तेथील मुख्य धंदा होय. वितळविण्याचें काम वीज करते. पण थंड झालेलें बिलेट पुन्हां तापवावयाचें तर त्यास दुसरें जळण लागतें, आणि असल्या भट्ट्यांत तें आजवर बहुधा कोळशाचें किंवा फर्नेस ऑइलचें असे. नैसर्गिक वायू हें या कामासाठीं कोळशाहून पुष्कळच स्वच्छ जळण. मुंबईच्या समुद्रांत हा वायू गेलीं पन्नास वर्षें सांपडत आहे. मग तो जालन्यास कां पोंचला नाहीं? या साध्या प्रश्नाचें उत्तर शोधूं लागलें असतां आम्हांस भूगर्भशास्त्रापेक्षां कायद्याचींच पुस्तकें अधिक उघडावीं लागलीं.

भूगर्भशास्त्राचें उत्तर थोडक्यांत देतां येतें. जालन्याखालीं दख्खनचा काळा पाषाण आहे. सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं वाहिलेल्या लाव्ह्याचे ते थर. तेल सांपडतें तें गाळाच्या खडकांत, लाव्ह्यांत नव्हे. हाच काळा पाषाण पश्चिम किनाऱ्यापलीकडे समुद्रतळाखालींही पसरलेला आहे. मात्र तेथें त्याच्यावर पुढील युगांत चुनखडीचे जाड थर सांचले, आणि त्या चुनखडींत तेल व वायू अडकून राहिले. निसर्गानें एवढाच भेद केला. बाकीचा भेद माणसांनीं केला आहे, व त्याचा इतिहास 1948 पासून सुरू होतो.

त्या वर्षाच्या 6 एप्रिलला भारत सरकारनें आपलें पहिलें औद्योगिक धोरण जाहीर केलें. ज्या थोड्या उद्योगांत नवे कारखाने केवळ सरकारनेंच काढावयाचे असें ठरलें, त्यांत खनिज तेल होतें. पुढें 8 सप्टेंबर 1948 रोजीं खाणी व खनिजें यांच्या नियमनाचा कायदा झाला. 1957 सालीं इतर खनिजांसाठीं निराळा कायदा आला, आणि हा जुना कायदा केवळ तेल व वायू यांच्यापुरता उरला. येथें एका तारखेकडे वाचकांचें लक्ष वेधावेंसें वाटतें. 8 सप्टेंबरला जालना निजामाच्या राज्यांत होतें. पोलिस कारवाई 13 तारखेस सुरू झाली आणि 17 तारखेस हैदराबादनें शरणागती दिली. ज्या कायद्यानें देशाच्या भूमिगत तेलाची व्यवस्था लाविली, त्याच्या जन्माच्या दिवशीं जालना त्या कायद्याच्या कक्षेंत नव्हतेंच. या योगायोगावरून कोणतेंही अनुमान काढणें योग्य होणार नाहीं; तरी जालन्याचा व या कायद्याचा पुढील संबंध पाहतां तो आम्हांस विसरवत नाहीं.

हा कायदा लहानसा आहे. त्यानें स्वतः फारसें कांहीं सांगितलें नाहीं. नियम करण्याचा अधिकार मात्र केंद्र सरकारच्या हातीं दिला. त्यांतून 1959 चे पेट्रोलियम व नैसर्गिक वायूविषयक नियम निघाले. त्यांप्रमाणें जमिनीवर तेल शोधण्याचा परवाना राज्य सरकारनें द्यावयाचा, पण केंद्राची पूर्वसंमति घेऊन. समुद्रांतला परवाना केंद्रानेंच द्यावयाचा. राज्यघटनेच्या 297 व्या कलमानें समुद्रतळाखालील खनिजें केंद्राचींच ठरविलीं आहेत. म्हणून अंकलेश्वरच्या तेलावर गुजरातला स्वामित्वधन मिळतें, आणि मुंबईपासून सुमारें 160 किलोमीटरवर निघणाऱ्या तेलावर महाराष्ट्राला तें मिळत नाहीं. महाराष्ट्राची याविषयींची तक्रार जुनी आहे. घटनेचा अर्थ पाहतां ती टिकणारी नव्हे, हें आम्हांस मान्य आहे.

त्या काळच्या धुरीणांना दोष देणें मात्र सोपें आणि अन्यायाचें होईल. आसामांतील दिग्बोईचें तेल 1889 पासून इंग्रज कंपन्यांच्या हातीं होतें. स्वातंत्र्यानंतरही तुर्भ्याचे तेलशुद्धीचे कारखाने परदेशी कंपन्यांनींच काढले, व ते पंचवीस वर्षें राष्ट्राच्या मालकीचे करणार नाहीं अशी हमी सरकारला द्यावी लागली. अशा स्थितींत केशवदेव मालवीय यांनीं सोव्हिएट तज्ज्ञांचें साह्य घेऊन 14 ऑगस्ट 1956 रोजीं तेल व नैसर्गिक वायू आयोग उभा केला, आणि दोनच वर्षांत खंबायत येथें तेल लागलें. मालवीयांचा आग्रह नसता तर समुद्रापर्यंत आपण केव्हां पोंचलों असतों कोण जाणे! जपानांत बांधलेल्या ‘सागर सम्राट’ या तरत्या मंचावरून 31 जानेवारी 1974 ला वेधन सुरू झालें, आणि 19 फेब्रुवारीस तेल लागलें. त्याच हिवाळ्यांत अरब राष्ट्रांनीं तेलाचा भाव चौपट केला होता. 21 मे 1976 पासून मुंबई हायचें तेल प्रत्यक्ष निघूं लागलें. हा आपल्या औद्योगिक इतिहासांतील खराखुरा विजय होय, आणि तो सरकारी आयोगानें मिळविला.

अडचण विजयानंतरची आहे. तेलाबरोबर वायूही येतो, आणि तो नेण्यास नळ नसला म्हणजे समुद्रावरच जाळून टाकावा लागतो. 1980 नंतरच्या कांहीं वर्षांत असा पुष्कळ वायू ज्वाळा होऊन आकाशांत गेला. जो किनाऱ्यास आला त्याचे वांटेकरी दिल्लींत ठरले. उरणचें वीजकेंद्र व थळचा खतकारखाना यांना कांहीं वायू मिळाला. वसईच्या समुद्रक्षेत्रांतील वायू हजिऱ्यास नेऊन तेथून विजयपूर-जगदीशपूरच्या लांब नळानें उत्तरेकडील खतकारखान्यांना पोंचविण्यांत आला. देशाला अन्न हवें होतें, अन्नाला युरिया हवा होता. या निवडीशीं आमचें भांडण नाहीं. भांडण आहे तें पद्धतीशीं. मालकी कोणाची हें घटनेनें व संसदेनें उघडपणें ठरविलें. वायू कोणास, किती आणि काय भावानें, हें मात्र वर्षानुवर्षें खात्याच्या आदेशांनीं ठरत गेलें. त्या आदेशांच्या वेळीं जालन्यासारख्या गांवाचें म्हणणें मांडण्यास कोणी नव्हतें.

राज्यांना या बाबतींत किती थोडी जागा आहे हें 2004 सालीं स्पष्ट झालें. गुजरातनें वायूच्या वाहतुकीसाठीं स्वतःचा कायदा केला होता. सर्वोच्च न्यायालयानें 25 मार्च 2004 रोजीं मत दिलें कीं नैसर्गिक वायू हा केंद्राचाच विषय आहे. 2006 सालीं नळ व शहरी वायुपुरवठा यांसाठीं स्वतंत्र नियामक मंडळाचा कायदा झाला. 7 मे 2010 च्या निकालांत त्याच न्यायालयानें कृष्णा-गोदावरी खोऱ्यांतील वायूविषयीं खाजगी कराराहून सरकारचें धोरण श्रेष्ठ मानलें. पुढच्याच वर्षीं त्या वायूचें उत्पादन घटूं लागलें तेव्हां खत, वीज व घरगुती वायू यांस संरक्षण मिळालें, आणि कात्री प्रथम पोलादावर चालली. रायगड जिल्ह्यांत डोलवी व साळाव येथें वायूवर लोखंड करणारे कारखाने आहेत. त्यांना त्याची झळ लागली. जालन्यास वायूच नव्हता, म्हणून गमावण्यासारखेंही कांहीं नव्हतें.

सुरक्षिततेचें नियमनही असेंच मागाहून आलें. 27 जुलै 2005 रोजीं एक साहाय्यक जहाज मुंबई हायच्या उत्तर मंचावर आदळलें, आग लागली आणि 22 माणसें प्राणांस मुकलीं. समुद्रांतील तेलकामाच्या सुरक्षिततेचे स्वतंत्र नियम त्यानंतर, 2008 सालीं झाले. तरीहि 2021 च्या मे महिन्यांत तौक्ते वादळांत पी-305 हा तराफा बुडून सत्तराहून अधिक कामगार दगावले.

1997 पासून खाजगी कंपन्यांस बोलावणारें नवें धोरण ठरलें, 2016 सालीं तें बदलून उत्पन्नांतील वांटा सरकारनें घ्यावा असें झालें, आणि 2025 सालीं 1948 चा मूळ कायदाच सुधारून तुरुंगाच्या शिक्षेऐवजीं दंड ठेवण्यांत आला. या सर्व खटाटोपानंतरही देशास लागणाऱ्या कच्च्या तेलाचा फार मोठा भाग बाहेरूनच येतो. वेधन वाढावें म्हणून भाव चढा हवा, आणि ग्राहकास झळ लागूं नये म्हणून तो उतरता हवा. या ओढाताणींतून 2023 च्या एप्रिलांत असें ठरलें कीं सरकारी कंपन्यांच्या जुन्या क्षेत्रांतील वायूचा भाव आयात तेलाच्या भावाच्या एकदशांश असावा, परंतु चार डॉलरांहून कमी व आरंभीं साडेसहा डॉलरांहून अधिक नसावा.

हा स्वस्त वायू प्रथम कोणास? घरगुती चुलीस आणि वाहनांस. मुंबई-पुण्याकडील आमच्या ज्या वाचकांच्या स्वयंपाकघरांत नळानें वायू येतो, त्यांनीं हें मनांत आणावें. आम्हीही त्यांच्यांतलेच, तेव्हां हें लिहितांना थोडा संकोच वाटतो. कारखान्यांच्या वांट्यास मुख्यतः जहाजांतून द्रवरूपानें आणलेला परदेशी वायू येतो, आणि त्याचा भाव जगाच्या बाजाराबरोबर चढतो-उतरतो. समृद्धी महामार्ग जालना जिल्ह्यांतून गेला आहे, व त्याच्या कडेनें मुंबईहून नागपुराकडे वायुनळ नेण्याचें काम गेल कंपनीनें हातीं घेतलें. म्हणजे ज्या वायूची वाट जालन्यानें पन्नास वर्षें पाहिली तो दाराशीं येईल, पण मुंबईच्या समुद्रांतल्या भावानें नव्हे. रोलिंग मिलचा मालक तेव्हां कागदावर हिशेब मांडील: एका बाजूस टनामागें कोळशाचा खर्च, दुसऱ्या बाजूस या वायूचा. वसाहतीच्या भोंवतालच्या वस्त्यांवर काळी धूळ बसते, तिचा खर्च त्या कागदावर कोणत्याच बाजूस नसेल.