वेगाचा हव्यास आणि संगणकाची स्मृती

संगणकाची स्मृती मुळातच विसराळू आहे, ही गोष्ट प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. आयबीएममधील रॉबर्ट डेनार्ड यांना १९६६ साली जी कल्पना सुचली आणि जिचे पेटंट १९६८ साली मिळाले, तीत एका बिटासाठी एक ट्रान्झिस्टर व एक कपॅसिटर एवढाच संसार होता. कपॅसिटरमध्ये विद्युत्‌भार असला तर एक, नसला तर शून्य. पण हा भार माठातल्या पाण्यासारखा पाझरत राहतो, म्हणून पुनःपुन्हा भरावा लागतो. डीडीआर-४ जातीत प्रत्येक ओळ एरवी ६४ मिलिसेकंदांत एकदा भरली जाते. चिप ८५ अंशांच्या वर तापली तर दुप्पट वेळा.

कारखान्यातून निघालेल्या सगळ्या चिपा सारख्या ताकदीच्या नसतात. जेडेक ही संस्था जो प्रमाणवेग ठरवते, तो दुबळ्या चिपेलाही झेपावा, हा हिशेब असतो. साहजिकच बऱ्याच चिपांची थोडी ताकद शिल्लक राहते. ती कामाला जुंपणे, याचेच नाव ओव्हरक्लॉकिंग. १९९८ साली इंटेलचा सेलेरॉन ३००-ए बाजारात आला आणि हौशी मंडळींना पर्वणी लाभली. बसचा वेग ६६ वरून १०० मेगाहर्ट्‌झ केला की ३०० चा प्रोसेसर ४५० वर धावे. मात्र बसबरोबर स्मृतीलाही पळावे लागे. तिला १०० झेपले नाहीत तर खेळ आटोपला.

२००७ साली इंटेलने एक्सएमपीची सोय काढली: वाढीव वेगाचे आकडे स्मृतीच्या पट्टीवरच लिहून ठेवायचे. पुष्कळांना वाटते की तेवढे चालू केले म्हणजे झाले. तसे नाही. पट्टी चांगली असली तरी प्रोसेसरमधला स्मृतिनियंत्रक आणि मदरबोर्ड यांची साथ लागते, आणि ती प्रत्येक यंत्रात निराळी.

आता एक मौजेचा हिशेब पाहा. २००० नंतरच्या डीडीआर-४०० मध्ये सीएल २ म्हणजे १० नॅनोसेकंद. डीडीआर-४ च्या ३२०० वेगाला सीएल १६, तेही १० नॅनोसेकंदच! वाहतूक आठपट झाली, पण पहिला डाग उतरण्यासाठीची वाट तेवढीच राहिली. म्हणून जाणकार केवळ मेगाहर्ट्‌झच्या मागे लागत नाहीत. ते टायमिंग घट्ट करतात. एका वेळी एकच आकडा बदलायचा, व्होल्टेज १.२ वरून फार तर १.३५ पर्यंत न्यायचे, मग तपासायचे. टीआरएफसी हा आकडा फारच कमी केला, तर भार पुरता भरण्याआधीच ओळीला कामावर बोलावले जाते. कामगाराची जेवणाची सुटी कापावी तसेच हे!

१९२८ साली मुंबईच्या गिरण्यांतला मोठा संप झाला, त्यामागे एकेका कामगाराने जादा माग सांभाळावेत हा मालकांचा आग्रह होता. मागावरचा तुटलेला धागा डोळ्यांना दिसतो. स्मृतीतला बदललेला बिट दिसत नाही. यंत्र चालूच राहते, फाइल जतनही होते, आणि हिशेबातला आकडा मुकाट्याने खोटा होतो. म्हणून ख्रिस ब्रॅडी यांच्या मेमटेस्ट८६ सारखे तपासणीचे प्रोग्रॅम रात्रभर चालवतात. डिसेंबरच्या रात्री उत्तीर्ण झालेली पट्टी मेच्या दुपारी पुन्हा तपासावी. उष्म्याने भार लवकर गळतो.

ठरल्या वेगानेही चुका होतातच. गूगलच्या यंत्रांचा २००९ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की, वर्षभरात सुमारे एक-तृतीयांश यंत्रांत दुरुस्त करता येणारी निदान एक तरी चूक आढळली. त्या दुरुस्तीची विद्या रिचर्ड हॅमिंग यांनी बेल लॅब्जमध्ये असताना १९५० सालीच प्रसिद्ध केली होती. मोठ्या सर्व्हरांना ती मिळाली; घरगुती यंत्रांना बहुधा नाकारली गेली, कारण जादा चिपांना जादा पैसे पडतात. २०२० सालच्या डीडीआर-५ मानकाने चिपेच्या पोटातच थोडी दुरुस्ती बसवली आहे खरी. पण चिपेपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेवर जे बिघडेल, त्याला ती हात लावत नाही. आणि वेग ताणल्यावर बिघडते ते पुष्कळदा त्याच वाटेवर.