ओस पडलेले गाव की ओस पाडलेले?

अलास्कात टनाना नदीच्या काठी ‘ओल्ड मिंटो’ हे अथाबास्कन आदिवासींचे गाव आहे. त्याची ओळख ‘सोडून दिलेले गाव’ अशी करून देतात. पूर आणि काठाची धूप यामुळे १९६९ साली लोक सुमारे ६४ किलोमीटर उत्तरेला नव्या मिंटोत गेले, एवढाच इतिहास सांगितला जातो. आम्हाला तो अपुरा वाटतो.

मुळात हे लोक एका जागी बसणारे नव्हतेच. उन्हाळ्यात नदीवर मासेमारी, पुढे दलदलीत शिकार, हिवाळ्यात सापळे. पाणी चढले की मुक्काम हलवायचा. १९१२ च्या सुमारास ओंडक्यांची पक्की घरे झाली, १९३७ मध्ये सरकारी शाळा आली आणि १९५० च्या दशकात कुटुंबे बारमाही तिथे राहू लागली. शाळेला आमचा विरोध कसा असेल? पण शाळा पुराच्या काठावर आणि जमिनीचा हक्क कागदावरही नाही, हा कुठला न्याय?

हक्काची मागणी झाली नव्हती असे नाही. जुलै १९१५ मध्ये फेअरबँक्स येथे टनाना खोऱ्यातील प्रमुख अमेरिकी संसदेतील अलास्काचे प्रतिनिधी जेम्स विकरशॅम यांच्यापुढे बसले. मिंटोचे चीफ चार्ली त्यांत होते. पर्याय दोनच ठेवले गेले: प्रत्येकी १६० एकर घ्या किंवा राखीव क्षेत्रात जा. प्रमुखांनी दोन्ही नाकारले. मोकळे फिरणे हवे, शिवाय शाळा आणि रोजगारही हवा, असे त्यांचे म्हणणे होते. त्याच वर्षी अलास्काच्या कायद्याने मूळ रहिवाशाला नागरिकत्वासाठी आपल्या चालीरीती सोडल्याचे सिद्ध करायला लावले, वर पाच गोऱ्या नागरिकांची शिफारसही मागितली. घर ज्याचे, त्यानेच पाहुण्याकडून दाखला आणायचा!

कोणी म्हणेल, बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत खेड्याच्या गौरवाची चिरफाड केली, मग तुम्ही गावासाठी का रडता? बाबासाहेबांचा रोख जातीच्या उतरंडीवर उभ्या असलेल्या खेड्यावर होता. मिंटोला गावकुसाबाहेरचा वाडा नव्हता.

स्थलांतरानंतर दोनच वर्षांनी, १९७१ च्या कायद्याने अलास्काच्या आदिवासींना सुमारे ४ कोटी ४० लाख एकर जमीन आणि ९६ कोटी डॉलर देऊन बाकीचा मूळ दावा संपवला. जुन्या मिंटोत मात्र लोक अजून जातात, तिथे तरुणांची संस्कृती-शिबिरे भरवतात.