कान्हेरीच्या पोढ्या

साष्टीच्या मध्यावरील कान्हेरीच्या काळ्या टेंकडींत सुमारें हजार वर्षें बौद्ध भिक्षूंसाठीं लेणीं कोरलीं जात होतीं. त्यांची संख्या शंभरांहून अधिक आहे. तेथील शिल्पांचें कौतुक पुष्कळ होतें. पाण्याच्या योजनेकडे मात्र थोड्यांचेंच लक्ष जातें.

चार महिने मुसळधार पाऊस आणि आठ महिने कोरडे, असें हें स्थळ. म्हणून पाथरवटानें खोलीबरोबरच पावसाची वाटही आंखली. उतारावरचें पाणी खडकांत कोरलेल्या लहान चरांतून खालीं आणून अंगणाच्या कडेच्या टाक्यांत सोडलें. बहुतेक लेण्यांपाशीं असें टाकें आहे. शिलालेखांत त्यास 'पोढी' म्हटलें असून, लेण्याबरोबर पोढीही दिल्याचें दाते आवर्जून नमूद करितात. निवारा आणि पाणी हें एकच दान होतें.

पुढें याच टेंकड्यांच्या पायथ्याशीं महानगर वाढलें. तेथें पावसाचें पाणी सत्वर समुद्रास मिळवावें, असें धोरण ठरलें. गटारें ताशीं सुमारें २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबानें बांधलीं गेलीं. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. विहार व पवई तलावांच्या सांडव्यांतून निघणारी मिठी नदी घराघरांत शिरली. शहरांत शेंकडों माणसें मृत्युमुखीं पडलीं.

एवढा पूर पोढ्यांनीं आवरला नसता. तथापि प्रत्येक छपरानें व अंगणानें आपल्या वांट्याचें पाणी थोपविलें, तर गटारावरचा भार तितका हलका होतो. इमारतीच्या आराखड्यांत पावसाची जागा आधीं ठरवावी, हें कान्हेरीच्या पाथरवटास उमगलें होतें.